पोटार्थी लेखणीचे आत्मचरित्र

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'पोटार्थी लेखक' हे विशेषण फारसा विचार न करता वापरले जाते. त्यात निंदा तर असतेच, पण एक सिद्धांतही गृहीत धरलेला असतो. श्रेष्ठ साहित्य प्रयोजननिरपेक्ष असते. जे लेखन घरभाडे, वाणसामान आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी होते त्यात अनुभवाची सच्चाई टिकून राहत नाही, असा तो सिद्धांत होय. मम्मटाने काव्याच्या प्रयोजनांत यशाच्या जोडीने अर्थप्राप्तीचीही गणना केली होती, आणि तिच्याविषयी त्याला संकोच वाटला नव्हता. कलेच्या स्वायत्ततेची आधुनिक कल्पना रुजल्यानंतर मात्र अर्थप्राप्ती हे प्रयोजन समीक्षेच्या अंगणाबाहेर गेले. ही हकालपट्टी कितपत न्याय्य होती, हे तपासावयाचे असेल तर एकोणिसाव्या शतकातील मार्गारेट ऑलिफंट हिच्या आयुष्याइतके अडचणीचे उदाहरण क्वचितच सापडेल. अडचणीचे अशासाठी की, या सिद्धांताचे समर्थक आणि विरोधक, दोघांच्याही सोयीचे ती काही ठेवत नाही.

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात ऑस्टिन, ब्राँटे भगिनी, गॅस्केल आणि जॉर्ज एलियट ही नावे स्थिरावली आहेत. त्यांच्या पंक्तीला ऑलिफंटचे नाव अभ्यासक्रमांतून सहसा येत नाही. आपल्या काळात मात्र ती घरोघर वाचली जात असे आणि तिच्या वाचकांत खुद्द व्हिक्टोरिया राणीही होती. सुमारे १०० कादंबऱ्या, ५० च्या वर कथा, चरित्र, इतिहास व वाङ्मयेतिहास यांवरील २५ च्या आसपास ग्रंथ आणि नियतकालिकांतून ३०० हून अधिक लेख एवढा तिचा पसारा आहे. हा आकडाच तिच्या विरोधातील पहिला पुरावा ठरला. इतके लिहिणारी बाई चांगले कसे लिहील, हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर पुस्तके न उघडताच देण्यात आले.

तिचा जन्म ४ एप्रिल १८२८ रोजी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोनजीकच्या वॉलीफर्ड या गावी झाला. लेखनाचा आरंभ आईच्या आजारपणात झाला. आईच्या उशाशी बसून वेळ घालविण्यासाठी सोळा-सतरा वर्षांची मुलगी जे लिहू लागली, ते घरात भरतकामासारखेच एक काम म्हणून स्वीकारले गेले. कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर ती लिही, शेजारी आई शिवत बसे आणि भोवती बोलणी चालू असत. पुढे नाव झाल्यावरही अभ्यासिका अशी तिला कधी लाभली नाही; दिवाणखान्यालगतच्या लहान खोलीत, सगळ्या घराची ये-जा चालू असताना ती लिहीत राहिली. सलग एकांत मिळे तो रात्री, सारे निजल्यावर. १८४९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एका प्रौढ स्कॉटिश अविवाहितेच्या तोंडून सांगितलेली 'मिसेस मार्गारेट मेटलंड' ही तिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि कोलबर्न या प्रकाशकाने तिला १५० पौंड दिले. ४ मे १८५२ रोजी चुलतभाऊ फ्रँक ऑलिफंट याच्याशी तिचा विवाह झाला, त्या दिवशी 'केटी स्ट्यूअर्ट' या कादंबरीची मुद्रिते तिच्या हाती पडली. ही कथा 'ब्लॅकवुड्स मॅगझीन'मध्ये आली आणि त्या मासिकाशी जुळलेले नाते तिच्या मृत्यूपर्यंत टिकले.

फ्रँक हा रंगीत काचचित्रांचा कारागीर होता. त्याच्या कलेवर तिची श्रद्धा होती, परंतु ती कला संसार चालवू शकत नव्हती. लंडनच्या त्या वर्षांत मुले झाली आणि काही तान्हेपणीच गेली. १८५९ च्या आरंभी क्षयाने ग्रासलेल्या पतीला घेऊन ती इटलीला गेली. आपला रोग असाध्य आहे हे लंडनच्या डॉक्टरांनी फ्रँकला सांगितले होते; त्याने ते पत्नीला सांगितले नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये रोम येथे तो वारला. दोन मुले सोबत, तिसरे पोटात आणि डोक्यावर सुमारे १००० पौंडांचे कर्ज अशा स्थितीत ती परक्या शहरात उरली. डिसेंबरात धाकट्या फ्रान्सिसचा, म्हणजे लाडक्या चेकोचा, जन्म झाला. लपवून ठेवलेल्या त्या निदानाचा सल तिच्या आत्मचरित्रात बराच काळ जागा आहे. नवऱ्यावरचे प्रेम आणि त्याच्या मौनाचा राग या दोहोंपैकी एकालाही दुसऱ्याखाली दडपण्याचा प्रयत्न ती तेथे करीत नाही.

इंग्लंडला परतल्यावरचा एक प्रसंग तिच्या साऱ्या लेखकीय जीवनाची किल्ली मानता येईल. एडिंबरोला ब्लॅकवुड बंधूंच्या कचेरीत जाऊन तिने नव्या धारावाहिक कथेचा प्रस्ताव ठेवला. त्यांनी सौजन्याने पण ठामपणे नकार दिला. ती घरी आली, मुलांशी खेळली, त्यांना निजविले आणि मग जवळजवळ रात्रभर बसून एक कथा लिहिली. कार्लिंगफर्ड नावाच्या एका काल्पनिक इंग्रजी गावाच्या कथामालेचा तो आरंभ ठरला. १८६१ पासून 'ब्लॅकवुड्स'मधून ही माला येऊ लागली. 'सेलम चॅपल' (१८६३), 'द पर्पेच्युअल क्युरेट' (१८६४), 'मिस मार्जोरिबँक्स' (१८६६) आणि बऱ्याच काळाने 'फीबी ज्युनिअर' (१८७६) या तिच्यातील प्रमुख कादंबऱ्या होत. माला निनावी असल्यामुळे काही वाचकांनी तिचे कर्तृत्व जॉर्ज एलियटकडेही दिले. 'द पर्पेच्युअल क्युरेट'साठी मिळालेले १५०० पौंड हा तिच्या आयुष्यातील सर्वोच्च मोबदला. त्याच सुमारास, १८६२ मध्ये, 'रोमोला'साठी जॉर्ज एलियटला १०,००० पौंड देऊ करण्यात आले होते आणि तिने ७००० स्वीकारले होते. या दोन आकड्यांतील अंतर केवळ प्रतिभेचे होते असे मानणे सोपे आहे. ते अंतर दोन घरांमधलेही होते.

कारण एलियटच्या घरी लुईस होता. तो प्रकाशकांशी बोलणी करी, प्रतिकूल परीक्षणे तिच्या दृष्टीस पडू देत नसे. ऑलिफंटच्या घरी सांभाळावयाची माणसे होती. जानेवारी १८६४ मध्ये रोमलाच तिची दहा वर्षांची मुलगी मॅगी गेली. मुलगे सिरिल आणि चेको यांना ईटनमध्ये शिकता यावे म्हणून १८६६ च्या सुमारास तिने विंडसरला बिऱ्हाड केले. १८६८ मध्ये भाऊ फ्रँकचा व्यवहार बुडाला. त्याच्या मुलाचे शिक्षण तिच्याकडे आले आणि पुढे तो स्वतः, त्याच्या मुली, सारेच तिच्या छपराखाली आले. दुसरा भाऊ विली व्यसनाधीन होता. त्याचाही भार तिने वाहिला. भाचा अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १८७९ मध्ये येथेच वारला. दोन्ही मुलगे ईटनमधून ऑक्सफर्डच्या बेलिअल महाविद्यालयात गेले, पण तेथून पुढे कोठेही पोहोचले नाहीत. सिरिल १८९० मध्ये आणि चेको १८९४ मध्ये मरण पावला; दोघेही पस्तिशीच्या आतले. ज्यांच्यासाठी ती लेखणी अहोरात्र चालली ती माणसे अशी एकामागून एक गेली, आणि लेखणी चालतच राहिली.

तिच्या लेखनातील पसरटपणा खरा आहे, आणि तो नाकारून तिची बाजू मांडण्यात अर्थ नाही. मात्र त्याचे मूळ केवळ तिच्या स्वभावात शोधणे चूक ठरेल. व्हिक्टोरियन कादंबरी तीन खंडांत निघे आणि ३१ शिलिंग ६ पेन्स या किमतीला ती विकत घेणे सामान्य वाचकाला परवडत नसे. खरा ग्राहक म्हणजे मूडीसारखी फिरती वाचनालये. एक कादंबरी तीन वर्गणीदारांकडे एकाच वेळी फिरविता यावी म्हणून तिचे तीन खंड त्यांना हवे असत. १८९४ मध्ये वाचनालयांनीच पाठ फिरविली तेव्हा ही पद्धती कोसळली. तोवर दीड खंडाचा आशय तीन खंडांत भरणे ही बाजाराची अट होती आणि ज्याला नकार देणे परवडत नाही त्याला ती पाळावी लागे. रूपबंधाची चर्चा करताना समीक्षा या अटीकडे पाहत नाही, आणि मग बाजाराचा दोष लेखिकेच्या खात्यावर जमा होतो.

परंतु याच परिस्थितीतून 'मिस मार्जोरिबँक्स'ही निघाली, हे विसरून चालणार नाही. आईच्या मृत्यूनंतर शाळेतून घरी परतलेली ल्युसिला 'वडिलांचा आधार' होण्याचा निश्चय करते. वडिलांना आधाराची मुळीच गरज नसते. मग ती आपली सारी बुद्धी, शिस्त आणि राजकारणपटुत्व कार्लिंगफर्डच्या गुरुवार-संध्याकाळच्या मेळाव्यांवर खर्च करते. सेनापतीची कुवत असलेल्या स्त्रीला समाजाने दिवाणखान्याएवढेच रणांगण दिले, हा या कादंबरीचा आशय. तो आक्रोश करून सांगितलेला नाही. ल्युसिलाला तिच्याच गंभीर शब्दांत बोलू देऊन, तिची थट्टा आणि तिच्याविषयीचा आदर एकाच वाक्यात बांधून तो व्यक्त होतो. निवेदनातील या कठोर उपरोधाने प्रकाशकही अस्वस्थ झाला होता. क्यू. डी. लीव्हिस हिने १९६९ मध्ये या कादंबरीच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना ल्युसिलाला ऑस्टिनची एमा आणि एलियटची डोरोथिया यांच्यामधला हरवलेला दुवा म्हटले. हे विधान गौरवाचे असले तरी त्यात एक मेख आहे. दुवा म्हटला की त्याचे मोल दोन्ही बाजूंच्या कड्यांवर अवलंबून राहते. ल्युसिला स्वतःच्या बळावर उभी आहे. वाङ्मयेतिहासातील रिकामी जागा भरणे हे तिचे काम नव्हे.

'हेस्टर' (१८८३) ही कादंबरी तर लेखिकेच्या घराच्या अधिकच जवळ जाते. कॅथरिन व्हर्नन ही प्रौढ अविवाहिता बुडू लागलेली घराण्याची पेढी सावरते आणि गरीब नातेवाइकांना एका मोठ्या घरात आश्रय देते. आश्रितांची कृतज्ञता किती पातळ असते हे ती ओळखून आहे. त्यांच्या लहानसहान द्वेषांकडे करमणूक म्हणून पाहण्याची तिला सवय जडली आहे. पुत्रवत वाढविलेला एडवर्ड मात्र आपला आहे अशी तिची खात्री असते, आणि तोच पेढीचा पैसा सट्ट्यात घालून पळून जातो. सगळ्यांना ओळखणारी ही बाई एकाच माणसाला ओळखू शकली नाही, कारण त्याच्या बाबतीत तिला हसता आले नाही. उपरोध हे येथे शैलीचे अलंकरण राहत नाही. दुसऱ्यांना पोसणाऱ्या माणसाने स्वतःच्या बचावासाठी उभारलेली ती भिंत आहे, आणि ती कोठे भेदली जाते हे ऑलिफंट नेमके दाखविते. कुणालाही पोसण्याची वेळ न आलेल्या लेखकाला हे ज्ञान कोठून मिळाले असते, हा प्रश्न 'पोटार्थी' या शब्दाच्या अर्थाशी थेट भिडतो.

व्हर्जिनिया वुल्फने १९३८ च्या 'थ्री गिनीज'मध्ये ऑलिफंटचे उदाहरण घेतले आहे. तिचे आत्मचरित्र हृद्य आहे हे वुल्फ मान्य करते. पण त्यानंतर तिच्या कादंबऱ्या, चरित्रे आणि असंख्य विस्मृत लेख वाचा, असे सांगून ती सुचविते की मुलांच्या शिक्षणासाठी या बाईने आपली बुद्धी विकली, बौद्धिक स्वातंत्र्य गहाण टाकले. वुल्फचा रोख ऑलिफंटवर नाही, स्त्रियांना मिळकतीचे अन्य मार्ग बंद करणाऱ्या व्यवस्थेवर आहे. स्त्रीला लेखनासाठी वर्षाला ५०० पौंड आणि स्वतःची खोली हवी, असे १९२९ मध्ये म्हणणारी वुल्फ या निष्कर्षाला यावी हे सुसंगतच होय. तरीही या युक्तिवादात जुना सिद्धांत शाबूत राहतो. विकलेली बुद्धी ही भ्रष्ट बुद्धी, हे समीकरण वुल्फही सोडत नाही. ती फक्त गुन्हेगार बदलते.

ऑलिफंटची मते स्त्रीवादी समीक्षेलाही पचणारी नव्हती. १८६६ मध्ये तिने स्त्रियांच्या मताधिकाराच्या मागणीची खिल्ली उडविली. १८८० मध्ये 'फ्रेझर्स मॅगझीन'मधील लेखात तिचा सूर पालटला आणि स्त्रियांच्या श्रमांची होणारी उपेक्षा ती रागाने बोलून दाखवू लागली. पण १८९६ मध्ये हार्डीच्या 'ज्यूड'वर तिने विवाहविरोधी पंथाचे लेखन म्हणून तुटून पडण्याचे सोडले नाही. साऱ्या कुटुंबाची मिळवती असलेली ही बाई पुरुषाच्या कुटुंबप्रमुखपणाचे तत्त्व उचलून धरते, हा विरोध तिच्या आयुष्यात आहे तसाच तो लेखनातही आहे. तिला पूर्वसूरी म्हणून गौरविण्याच्या घाईत तो पुसून टाकणे हाही एक अन्यायच होईल.

या सर्व वादात सर्वांत निर्णायक साक्ष तिच्या आत्मचरित्राची आहे, आणि तिची संहिता हीच एक स्वतंत्र कहाणी आहे. हे लेखन सलग झालेले नाही. आरंभीचे भाग १८६० च्या दशकातले. मॅगीच्या मृत्यूनंतरचा शोक त्यात कुणाही वाचकाचा विचार न करता ओतलेला आहे. १८८५ मध्ये क्रॉसने संपादित केलेले जॉर्ज एलियटचे चरित्र वाचून ती पुन्हा या वहीकडे वळली आणि आपली त्या भाग्यवान लेखिकेशी तुलना करू लागली. आपल्यालाही एखाद्या काचघरात जपले गेले असते तर आपण अधिक चांगले लिहिले असते काय, हा प्रश्न तिने तेथे विचारला आहे. उत्तरार्धाचा अभिप्रेत वाचक चेको होता. आईच्या आयुष्यातील गमतीजमती त्याने वाचाव्यात म्हणून ती लिहीत होती. चेको गेला, आणि ज्याच्यासाठी वाक्ये रचली जात होती तो वाचकच संहितेतून नाहीसा झाला. यापुढचे लेखन बाजारासाठी आहे, कारण पुस्तक विकले गेले तर पदरच्या पुतणीला काही मिळेल, हे ती स्वतःच नोंदविते. आणि मुलासाठी लिहिणे व अपरिचितांसाठी लिहिणे यांतील फरक किती विलक्षण आहे याकडे लक्ष वेधते.

तिच्या मृत्यूनंतर १८९९ मध्ये नातलग ॲनी कॉगहिल हिच्या संपादनाखाली हे पुस्तक निघाले. त्यात तुकडे कालक्रमाने लावण्यात आले आणि शोकाचे बरेच उतारे गाळण्यात आले. परिणामी एका कष्टाळू, समंजस विधवेची सरळ जीवनकथा वाचकांपुढे आली. वुल्फच्या काळापर्यंत उपलब्ध असलेली संहिता हीच. १९९० मध्ये एलिझाबेथ जे हिने हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा मूळ लेखन कसे खंडित, पुन्हा पुन्हा त्याच जखमेकडे परतणारे आणि स्वतःलाच खोडून काढणारे आहे ते कळले. संपादनाने जी सुसंगती आणली ती लेखिकेच्या आयुष्यात नव्हती, आणि तिने ती आणण्याचा आवही आणला नव्हता.

या संहितेतील सर्वांत प्रामाणिक जागा भावाचे कुटुंब आश्रयाला आले त्या वेळच्या आठवणीची आहे. आता आपल्याला उत्तमोत्तम लिहिण्याची आशा सोडावी लागणार, हा केवढा मोठा निर्णय, असे आपण तेव्हा मनाशी घोळवले होते, हे ती सांगते. आणि लगेच, ते सारे एक प्रकारचे सोंग होते, निर्णय घेण्यासारखे काही नव्हतेच, असेही सांगते. लिहिण्यात तिला आनंद होता, ते सहज होत होते आणि मुलांसाठी ते आवश्यकही होते. या तीन गोष्टी तिच्या लेखी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. त्यागाची जी दंतकथा तिच्या चाहत्यांनी पुढे रचली आणि विक्रयाची जी तिच्या टीकाकारांनी रचली, त्या दोन्ही तिने आधीच नाकारल्या होत्या. कमी लिहिले असते तर अधिक चांगले लिहिले असते, हे विधान खरे असेलही. पण ते ज्या लेखिकेविषयी आहे ती कधी अस्तित्वात नव्हती. समीक्षेला जी उपलब्ध आहे ती जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिणारी, आणि तिच्या लेखनाचे गुण व दोष दोन्ही त्या कोपऱ्यावरूनच आलेले आहेत.

आत्मचरित्र शेवटी तुटते. मुले गेली, आपण उरलो, आता आणखी लिहिता येत नाही, एवढे नोंदवून वही थांबते. हे थांबणे त्या वहीपुरतेच होते. त्यानंतरही २५ जून १८९७ रोजी विंबल्डन येथे मृत्यू येईपर्यंत ती कादंबऱ्या लिहीत होती, ब्लॅकवुड प्रकाशनसंस्थेचा इतिहास पुरा करीत होती. बाजाराच्या गरजेने पानेच्या पाने भरणाऱ्या या लेखणीने, त्याच बाजारात विकले जावे म्हणून लिहिलेल्या एका पुस्तकात, सांगण्यासारखे उरले नाही तेथे एकही ओळ वाढविली नाही. ते पुस्तकही पोटार्थीच होते, मात्र पोट पुतणीचे होते; आणि तिच्या साऱ्या लेखनात त्याहून सच्चे असे दुसरे काही दाखविता येत नाही.